शंभराची रेघ

पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबचा ‘टोटल आयजीई’चा रिपोर्ट उघडून पाहा. एका रकान्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आकडा आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत संदर्भमर्यादा. प्रौढांसाठी ही मर्यादा बहुतेक ठिकाणी शंभर एककांच्या आसपास असते. आकडा त्यापलीकडे गेला की तो ठळक छापला जातो. सहाशे-सातशे आला तर घरात धावपळ सुरू होते. पोराचे दही बंद, केळे बंद, अंडे बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. मग कोणीतरी पन्नास-शंभर पदार्थांचे ‘पॅनेल’ करून घ्यायला सुचवतो आणि त्यात आणखी दहा नावे ठळक होऊन येतात. मूल पूर्वीइतकेच शिंकत राहते. काही वेळा तर ते मुळात फारसे शिंकतही नसते.

ही शंभराची रेघ कोणाच्या रक्तावरून ओढली गेली, हे विचारायला कोणी थांबत नाही. थांबायला हवे. अ‍ॅलर्जीशी जोडल्या गेलेल्या आयजीई या प्रतिपिंडाचे प्रमाण वयागणिक, गावागणिक आणि पिढीगणिक बदलते. गेल्या साठ वर्षांत जगभर जे मोजमाप झाले त्याचा एकत्रित अर्थ काढला, तर हा आकडा एकट्या माणसाच्या आजारापेक्षा तो ज्या समाजात वाढला त्या समाजाच्या इतिहासाबद्दल अधिक बोलतो. आपल्या समाजाचा तो इतिहास आपण अजून नीट लिहून ठेवलेला नाही, ही खरी अडचण आहे.

अ‍ॅलर्जी हा आजारच वैद्यकाच्या दृष्टीने नवा. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरणाऱ्या, नाक वाहणाऱ्या आणि छाती भरून येणाऱ्या एका रुग्णाची हकिकत वैद्यकीय सभेपुढे वाचली. तो रुग्ण ते स्वतःच होते. नऊ वर्षांनी त्यांनी दुसरा निबंध वाचला, तोवर खूप शोध घेऊनही त्यांच्या हाती तीसपेक्षा कमी रुग्ण लागले होते आणि ते जवळपास सगळे सुखवस्तू घरांतले होते. गरिबांत हा विकार त्यांना आढळला नाही. पुढे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ साली या विकाराचे मूळ गवताच्या परागकणांत असल्याचे दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी परागकण स्वतःच्या त्वचेवर चोळून पाहिले आणि पतंगांना चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरच्या हवेतले परागकण गोळा केले. त्यांनाही तेच कोडे पडले. गवतात दिवसभर राबणारा शेतकरी शिंकत नाही आणि शहरातला सुशिक्षित माणूस खिडकी उघडताच बेजार होतो. परागकण कोणाच्या नाकात जास्त जातात यावर आजार ठरत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच दिसले होते. ते कशावर ठरते, हे कळायला पुढची शंभर वर्षे जावी लागली.

मधला एक प्रयोग सविस्तर सांगण्याजोगा आहे. १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन सहकारी काम करत होते. क्युस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. थोडा जरी पोटात गेला तरी अंगभर पित्त उठे, खोकला येई, उलट्या होत. प्राउस्निट्झ यांना माशाचा काहीच त्रास नव्हता. क्युस्टनर यांच्या रक्तातले सीरम काढून प्राउस्निट्झ यांच्या पोटावरच्या त्वचेत थेंबभर टोचले गेले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांतच तिथे गांधी उठली, भोवती लाली पसरली. आजूबाजूची त्वचा जशीच्या तशी. माशाशी असलेले वैर एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत गेले होते. ते नेणारा पदार्थ रक्तात आहे एवढे सिद्ध झाले. पण तो इतका अल्प होता की पुढची पंचेचाळीस वर्षे कोणाच्या हाती लागला नाही. दरम्यान नाझी राजवट आली, प्राउस्निट्झ यांना जर्मनी सोडावी लागली आणि त्यांनी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर साध्या फॅमिली डॉक्टरचा व्यवसाय केला.

तो पदार्थ १९६६-६७ मध्ये दोन ठिकाणी सापडला. अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने रॅगवीड नावाच्या तणाची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांच्या सीरममधून तो शोधला. स्वीडनमध्ये उप्साला इथे गुन्नार योहान्सन आणि हान्स बेनिच यांना तो एका कर्करुग्णाच्या रक्तात, नेहमीच्या कित्येक हजारपट प्रमाणात भेटला. दोन्ही पदार्थ एकच असल्याची खात्री पटल्यावर १९६८ मध्ये त्याचे नाव ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’, म्हणजे आयजीई, असे ठरले. रक्तातल्या नेहमीच्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी हा एका मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमच्या घरात असतो. आयजीईचे एक एकक म्हणजे २.४ नॅनोग्रॅम. रिपोर्टवरचे शंभर एकक म्हणजे आयजीजीच्या चाळीस हजाराव्या हिश्शाएवढे होतात. रक्तात ते दोन-तीन दिवसच टिकते, पण कातडीतल्या, नाकातल्या आणि श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसले की कित्येक आठवडे तिथे तळ ठोकते. ओळखीचा परागकण किंवा पदार्थ आला की त्या पेशी फुटतात आणि हिस्टामिन सांडते. शिंक, गांधी, दम्याची धाप हे सगळे तिथून पुढचे.

शोध लागताच लोकांचे रक्त मोजायला सुरुवात झाली आणि पहिल्याच फटक्यात गणित अडले. उंची-वजनासारखे मोजमाप घेतले की बहुतेक माणसे मधल्या आकड्याभोवती जमतात. आयजीई तसे जमत नाही. शंभर शेतकऱ्यांकडे दोन-दोन एकर जमीन आणि एका बागायतदाराकडे चारशे एकर अशा गावात सरासरी सहा एकर निघते आणि गावात तेवढी जमीन एकाकडेही नसते. आयजीईचे तसेच आहे. बहुसंख्यांचा आकडा लहान, थोड्यांचा मोठा आणि मोजक्यांचा हजारांत. म्हणून अभ्यासक साधी सरासरी सोडून भूमितीय मध्य किंवा मध्यांक वापरतात. अमेरिकेच्या २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात सहा वर्षांवरील लोकांचा मध्यांक ४०.८ एकक आला. सगळ्यांत वरच्या चौथ्या हिश्शाचा आकडा ११४ च्या पलीकडे होता. म्हणजे जिथल्या लोकांना समोर ठेवून अशा रेघा ओढल्या जातात, तिथेही चारातला एक माणूस शंभराच्या वर जातो. त्यातले सगळे आजारी नव्हते.

हा आकडा कोणाकोणात फिरतो याची जुनी आणि चांगली नोंद अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टुसॉन शहराची आहे. १९७० च्या दशकात तिथल्या हजारो सर्वसामान्य रहिवाशांची नावे नोंदवून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. पुरुषांत आयजीई बायकांपेक्षा जास्त निघाले. लहानपणी ते चढत जाते आणि वाढत्या वयात ओसरते, असे दिसले. सिगारेट ओढणाऱ्यांत ते न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले. १९८९ मध्ये बेंजामिन बरोज आणि सहकाऱ्यांनी वय आणि लिंगाचा फरक काढून टाकून आयजीई आणि दमा यांची सांगड घातली, तेव्हा एक लख्ख चढण दिसली. आकडा जितका मोठा, दमा तितका जास्त. आपल्या वयाच्या मानाने ज्यांचे आयजीई सगळ्यांत कमी होते, अशा १७७ जणांत दम्याचा एकही रुग्ण नव्हता. पाश्चात्त्य वैद्यकाला हवा तो निष्कर्ष मिळाला: आयजीई जास्त म्हणजे दम्याचा धोका जास्त.

पण त्याच्याही आधी दुसरीकडून उलटा पुरावा आला होता. आयजीईला नाव मिळाले त्याच १९६८ साली योहान्सन यांनी इथिओपियातल्या लहान मुलांच्या रक्ताचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वीडिश मुलांच्या मानाने त्यांचे आयजीई कित्येक पटींनी जास्त होते. कारण दम्यात नव्हते, आतड्यातल्या गोल जंतांत होते. १९७५ मध्ये गांबियातून रिचर्ड गॉडफ्री यांनी कळवले की खेड्यातल्या लोकांचे आयजीई शहरवासीयांपेक्षा जास्त आहे आणि दमा मात्र शहरात अधिक, खेड्यात क्वचित. टुसॉनची चढण गांबियात पोचेपर्यंत उलटी झाली होती. दोन्ही मोजमापे खरी होती. चूक होती ती एका जागचा नियम दुसऱ्या जागी लावण्यात.

याचे कारण प्रतिपिंडाच्या जुन्या कामगिरीत आहे. आयजीई आपल्या शरीरात परागकणांसाठी घडले नसावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जंत आणि इतर परजीवींशी झुंजण्यासाठी ते घडले असावे. जंत असलेल्या शरीरात आयजीई भरमसाट तयार होते, पण ते विखुरलेले, हजार दिशांना तोंड केलेले असते. टुसॉनमधले थोडे आयजीई एकाच परागकणावर नेम धरून बसलेले होते. एकूण आकडा आणि नेमका आकडा यांत फरक आहे तो हा. शिवाय जंत हा मुरलेला भाडेकरू. यजमानाची प्रतिकारयंत्रणा थंड ठेवण्यातच त्याचा फायदा असतो. गॅबनमध्ये लांबारेनेच्या परिसरात मारिया याझ्दानबख्श यांच्या गटाने २००० साली शाळकरी मुलांची पाहणी केली. मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमा जंतांची लागण झालेल्या मुलांच्या रक्तात धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्याविरुद्ध आयजीई होते, पण माइटचा अर्क टोचल्यावर त्यांच्या हातावर गांधी उठण्याचे प्रमाण कमी होते. त्या मुलांत इंटरल्यूकिन-१० हा शांत करणारा संदेश जास्त सापडला. व्हेनेझुएलात कराकासच्या झोपडपट्टीतल्या मुलांना नील लिंच यांच्या गटाने दीर्घकाळ जंताची औषधे दिली, तेव्हा एकूण आयजीई खाली आले आणि माइटला त्वचेने दिलेला प्रतिसाद मात्र वाढला.

इथे एक सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: मग जंत बरेच म्हणायचे! तो टाळावा. जंत रक्त पितात, मुलांची वाढ खुंटवतात, पंडुरोग आणतात. शिवाय पुरावाही एकसुरी नाही. व्हिएतनाममधल्या एका चाचणीत जंतनाशकांनंतर त्वचेचा प्रतिसाद वाढला, पण दम्याची लक्षणे वाढली नाहीत. इक्वेडोरमध्ये त्वचेचा प्रतिसादही बदलला नाही. युगांडात गरोदर बायांना जंतनाशक दिल्यावर त्यांच्या तान्ह्यांत इसबाचे प्रमाण मात्र वाढलेले आढळले. सार एवढेच की लोकसंख्येतले आयजीई आणि त्याचे रोगात होणारे रूपांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही समाजाच्या राहणीबरोबर सरकतात.

राहणीबरोबर त्या किती झपाट्याने सरकतात, हे युरोपच्या राजकीय इतिहासाने अजाणता दाखवून दिले. फिनलंड आणि रशिया यांच्यात करेलिया प्रांत दुसऱ्या महायुद्धात विभागला गेला. हवामान सारखे, झाडे-गवते सारखी. एका बाजूला भरभराट आणि शहरीकरण, दुसऱ्या बाजूला जुनी ग्रामीण राहणी. टारी हाहतेला आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडचे रक्त तपासले तेव्हा फिनिश बाजूला परागकण आणि प्राण्यांच्या केसांविरुद्धचे आयजीई कितीतरी जास्त लोकांत सापडले. त्यातही लक्षात राहण्यासारखा भाग पिढ्यांचा आहे. १९४० च्या दशकात जन्मलेल्यांत दोन्ही बाजू बऱ्याच जवळ होत्या. नंतर जन्मलेल्या फिनिश पिढ्यांत तफावत वाढत गेली. माणसांची जनुके तीस वर्षांत बदलत नाहीत. राहणी बदलते.

बर्लिनची भिंत पडल्यावर एरिका फॉन म्युटियस यांनी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग आणि हाले या धुराड्यांच्या शहरांतल्या मुलांची म्युनिकच्या मुलांशी तुलना केली. कोळशाच्या धुरातली मुले जास्त अ‍ॅलर्जिक निघतील अशी अपेक्षा होती. झाले उलटे. त्वचाचाचणीत प्रतिसाद देणाऱ्या मुलांचे प्रमाण पश्चिमेत पूर्वेच्या दुपटीच्या आसपास भरले. एकीकरणानंतरच्या काही वर्षांत लाइपझिगच्या मुलांतही परागज्वर, म्हणजे बोस्टॉक यांचाच विकार, वाढू लागला. भिंत पडली त्याच वर्षी, १९८९ मध्ये, ब्रिटनचे डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९५८ च्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांवर मुलांचा तपशील मांडला होता. घरात थोरली भावंडे जितकी जास्त तितका परागज्वर कमी. लहानपणी होणारा सूक्ष्मजीवांचा संसर्ग प्रतिकारयंत्रणेला वळण लावतो, ही कल्पना तिथून पुढे आली. अमेरिकेतल्या आमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी पंथांवरचा २०१६ चा अभ्यास तिला अधिक नेमके रूप देतो. दोघांचे पूर्वज युरोपातल्या आल्प्सच्या परिसरातले, दोघांचे खाणेपिणे मिळतेजुळते. आमिशांची शेती घराला लागून, गोठ्यातली आणि घोड्यांवर चालणारी. हटेराइटांची यंत्रांची आणि घरापासून दूर. आमिश मुलांत दमा ५.२ टक्के, हटेराइटांत २१.३ टक्के. आयजीईही आमिश मुलांत कमी. गोठ्याची धूळ घरात येणे आणि न येणे एवढ्याने हा फरक पडू शकतो, याला त्याच अभ्यासातल्या उंदरांवरच्या प्रयोगांनीही दुजोरा दिला.

ग्रीनलंडचे उदाहरण वेगळ्या कारणाने मोलाचे आहे. तिथे १९८७ मध्ये लोकांचे सीरम दुसऱ्याच कामासाठी काढून गोठवून ठेवले होते. १९९८ मध्ये पुन्हा नमुने घेतले आणि दोन्ही वर्षांचे सीरम एकाच चाचणीने शेजारी शेजारी तपासले. श्वासातून जाणाऱ्या अ‍ॅलर्जनविरुद्ध आयजीई असणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेले होते. अकरा वर्षांत जवळपास दुप्पट. कोणाच्या आठवणीवर किंवा डॉक्टरांच्या बदलत्या निदानावर विसंबावे लागले नाही, कारण जुने रक्त शिल्लक होते.

साठवलेल्या रक्ताने सोडवलेले दुसरे कोडे अमेरिकेतले. सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरचे औषध टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत टोचले की पहिल्याच खेपेला कित्येक रुग्ण कोसळत. बॉस्टनला असे सहसा घडत नसे. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००८ साली याचे कारण प्रसिद्ध केले. औषध ज्या उंदराच्या पेशींत बनवले जाते, तिथून त्याला ‘अल्फा-गॅल’ नावाची एक शर्करा चिकटून येते आणि काही रुग्णांच्या रक्तात तिच्याविरुद्ध आयजीई आधीपासूनच हजर असते. औषध न घेतलेल्या सर्वसामान्य लोकांचे रक्त तपासले तर टेनेसीत २०.८ टक्क्यांत, उत्तर कॅलिफोर्नियात ६.१ टक्क्यांत आणि बॉस्टनला अवघ्या ०.६ टक्क्यात हा प्रतिपिंड निघाला. पुढे उलगडले की तो आग्नेय अमेरिकेतल्या ‘लोन स्टार’ गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि त्यातल्या काही लोकांना गोमांस-डुकराचे मांस खाल्ल्यावर तीन-चार तासांनी अंगावर पित्त उठते. एका देशात, एका भाषेत, एका औषधासाठी ‘नॉर्मल’ राज्याराज्यांत बदलत होते आणि कारण रानातल्या हरणांवर वाढणारी गोचीड होती.

आता आपल्याकडे वळू. आपण या नकाशाबाहेर नव्हतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५६ देशांतल्या शाळकरी मुलांच्या ‘आयझॅक’ पाहणीत दम्याची लक्षणे कमी असणाऱ्या देशांत इंडोनेशिया, ग्रीस, चीन, इथिओपियाबरोबर भारताचे नाव होते आणि तिच्या केंद्रांत पुणेही होते. मुंबईतल्या प्रौढांची पाहणी युरोपीय श्वसनसर्वेक्षणाचा भाग म्हणून झाली. पण सर्वांत बोलका आकडा शेजारच्या कर्नाटकातला आहे. बेंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखाद्या ना एखाद्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई २६.५ टक्के लोकांत आढळले. त्या पदार्थाने खरोखर त्रास होत असण्याची शक्यता होती अशांचे प्रमाण १.२ टक्के. रक्तात प्रतिपिंड असलेल्या वीस-बावीस जणांमागे आजारी एखादाच. बाकीच्यांच्या शरीराने तो पदार्थ ओळखला होता आणि खपवून घेतला होता. अशा प्रदेशात पन्नास पदार्थांचे पॅनेल लावले की काही नावे ठळक येणारच. त्यांवरून मुलाचे ताट रिकामे करणे हा उपचार होऊ शकत नाही. आधी लक्षणे, मग संशय, मग नेमकी चाचणी हा क्रम आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट आयजीई चाचण्यांचा मारा करू नये असे २०१२ मध्येच सांगितले आहे.

चाचणीत आणखी एक मेख आहे. सारख्या कुळातल्या वनस्पतींचे परागकण प्रतिपिंडाला सारखे वाटतात. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले आणि नंतर देशभर माजलेले गाजर गवत हे अमेरिकेतल्या रॅगवीडचे भाऊबंद. दोघांच्या परागकणांत साम्य असल्याचे बेंगळुरूच्या संशोधनात दिसले आहे. बांधावरच्या गाजर गवताने घडवलेला प्रतिपिंड, कधी न पाहिलेल्या तणाच्या नावापुढे रिपोर्टमध्ये उमटू शकतो. वाचणाऱ्याला हे ठाऊक हवे.

या सगळ्यावरून आयजीईची चाचणी निरुपयोगी ठरत नाही. गंभीर दम्यावरच्या ओमालिझुमॅब या इंजेक्शनचा डोस वजन आणि एकूण आयजीई पाहूनच ठरतो. माशाने, शेंगदाण्याने किंवा मधमाशीच्या दंशाने कोसळलेल्या माणसाला नेमक्या आयजीईची चाचणी प्राणरक्षक माहिती देते. एकूण आयजीई हजारांत गेले तर जंत आहेत का, फुप्फुसात बुरशीचा विकार आहे का, हे पाहावेच लागते. पण त्यासाठी आकड्याशेजारी इथल्या निरोगी माणसांचा आकडा हवा: विदर्भातल्या दहा वर्षांच्या मुलीचा, सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराचा, ठाण्याच्या विसाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलाचा. तो नसला की डॉक्टरला अनुभवाचा आणि पालकांना भीतीचाच आधार उरतो.

आणि हा आकडा आज, आपल्या डोळ्यांदेखत सरकतो आहे. राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, गावोगाव शौचालये बांधली गेली. २०१५ पासून दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. शेणाने सारवलेल्या जमिनीची जागा फरशीने घेतली, गोठा घरापासून लांब गेला किंवा मोडलाच, घरटी मुले दोन किंवा एक झाली. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चांगली आहे आणि व्हायलाच हवी होती. स्ट्रॅचन, फॉन म्युटियस आणि हाहतेला यांनी मोजलेल्या बदलांची यादीही हीच आहे, हेही तितकेच खरे. फिनलंडमध्ये ज्याला दोन पिढ्या लागल्या ते महाराष्ट्रात एका पिढीत घडते आहे. फिनलंडने बदल झाल्यावर, २००८ ते २०१८ असा राष्ट्रीय अ‍ॅलर्जी कार्यक्रम राबवला. त्याचा भर अ‍ॅलर्जन टाळण्यापेक्षा सहनशीलता वाढवण्यावर होता, आणि काय साधले हे सांगता आले कारण आधीचे मोजमाप होते.

आपल्याला हे जमणार नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांची नोंद सुरू केली आणि त्यांच्या मुलांचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. दिसायला बारीक पण आत चरबी जास्त अशा भारतीय बाळाची आणि त्याच्या पुढच्या मधुमेहाची गोष्ट जगाला कळली ती या चिकाटीमुळे. केंद्र सरकारच्या २०१६ ते २०१८ च्या पोषण सर्वेक्षणात देशभरातल्या हजारो मुलांचे रक्त जीवनसत्त्वे, लोह आणि इतर घटकांसाठी तपासले गेले. अ‍ॅलर्जी हा त्याचा विषय नव्हता. अशा पाहण्यांत काही थेंब सीरम अधिक घेणे, परवानगीनिशी ते गोठवून ठेवणे आणि सोबत घराची जमीन कसली, गुरे आहेत का, भावंडे किती, जंताची गोळी घेतली का, एवढे चार प्रश्न विचारणे हा फार मोठ्या खर्चाचा मामला नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाने आणि वैद्यकीय विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे, दर दहा वर्षांनी पुन्हा करावे आणि त्यातून निघणाऱ्या वयवार, जिल्हावार मर्यादा प्रत्येक लॅबला वापरायला लावाव्यात. औषध कंपनीला किंवा लॅबच्या साखळीला यात रस असण्याचे कारण नाही, म्हणून ते सरकारचेच काम ठरते. उशीर मात्र परवडणार नाही. जंत गेलेले आणि गोठे मोडलेले राज्य वीस वर्षांनंतरही मोजता येईल. त्याआधीचे राज्य तेव्हा मोजता येणार नाही. ग्रीनलंडकडे १९८७ ची बाटली होती म्हणून १९९८ ला उत्तर मिळाले. आपली बाटली आजच्या तारखेची असायला हवी.